मोंबासाची सही, चौलची साक्ष

मोंबासा सोडताना मला समुद्राची भीती वाटली नाही, बँकेची वाटली. नऊ वर्षे मी तिथल्या रेल्वेच्या माल-कचेरीत कारकुनी केली आणि पगारातून उरेल ते एका गोऱ्या बँकेत ठेवत गेलो. ठेवायला गेलो की बँक हसून घेई. काढायला गेलो की आम्हां हिंदी लोकांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवी. दुपार कलली की पट्टेवाला बाहेर येऊन म्हणे, "केशो" (उद्या). असे चार केशो झाले, तेव्हा कुठे मुंबईच्या शाखेवरचा ड्राफ्ट माझ्या हाती पडला. तो मी कोटाच्या अस्तरात शिवला आणि आगबोटीच्या डेकवर, भर उकाड्यात, सारा प्रवास कोट न काढता केला. लोक हसत. मी जात्याच भित्रा, हसणाऱ्यांना हसू दिले.

बेत साधा होता. चौलला आई ज्या नारळी-पोफळीच्या वाडीत राहते, ती वाडी मालक विकायला निघाला होता. पैसे हातात आले की ती घ्यायची आणि पुन्हा आफ्रिकेचे तोंड पाहायचे नाही. पैसे न आले, तर रजा संपताच मुकाट्याने परतीची बोट.

मुंबईच्या शाखेत जाळीमागे बसलेल्या हेडक्लार्कने माझी सही घेतली आणि मोंबासाहून आलेली नऊ वर्षांपूर्वीची सही तिच्या शेजारी ठेवली.

"ही सही तुमची नाही," तो म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी मालगाडीच्या दारात माझ्या उजव्या हाताचे पहिले बोट चिरडले, तेव्हापासून अक्षराचे वळणच गेले. मी जाळीतून बोट आत घालून दाखवले.

"बोट आम्ही ओळखत नाही. विष्णू रामजी राऊत तो तुम्हीच, असं जन्मापासून ओळखणाऱ्या माणसाकडून मामलेदारासमोर लिहून आणा. महिनाअखेरीपर्यंत आणलं नाहीत, तर ड्राफ्ट मोंबासाला परत जाईल."

त्याने ड्राफ्ट ठेवून घेतला आणि एक पावती दिली. नऊ वर्षांची कमाई जाळीच्या पलीकडे आणि मी अलीकडे, हातात चतकोर कागद!

दुसऱ्या दिवशी कोकणच्या आगबोटीने निघालो. रेवदंड्याला बोट दूर समुद्रातच उभी राहते आणि पडाव (उतारूंना किनाऱ्याला नेणारी मोठी होडी) तिला येऊन भिडतो. लाटेने पडाव वर आला की नेमकी उडी टाकायची. खलाशी ओरडत होता, "टाका उडी, काका! आता टाका!" मी एक लाट विचार करण्यात घालवली, दुसरीला डोळे मिटले आणि पडलो तो एका कोळणीच्या टोपल्यांवर.

"येवढा कोटवाला मानूस, आन् उडी मारता येत न्हाय?" ती म्हणाली. सगळा पडाव हसला. मी आधी पावती चाचपली.

रेवदंड्याहून चौल पायी गाठले. दोन्ही बाजूंना पोफळी, खाली पाटाचे पाणी झुळझुळते आहे, रहाटाची कुरकुर चालली आहे. नऊ वर्षांत काहीच हलले नव्हते. आई अंगणात सुपाऱ्या वाळवीत होती. माझ्याकडे पाहून ती उठली, आणि चेहऱ्याआधी तिने माझे बोट हातात घेतले.

"कोंड्या, काय रं ह्ये!"

तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे तिने पुढ्यात वाढले. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. 

कोंड्या म्हणजे मीच. माझ्या आधीचे तीन भाऊ पाळण्यातच गेले. तीन देखणी नावे ठेवली, आईने हौसेने हाका मारल्या, आणि कोणीतरी त्या ऐकल्या, असे तिने मनाशी धरले. चौथा मी. बारशाला माझ्या कानात 'विष्णू' सांगितले आणि त्याच दिवशी आईने मला शेजारणीला सूपभर कोंड्याच्या बदल्यात विकून परत मागून घेतले. असले टाकाऊ पोर न्यायला कोण येणार? खरे नाव कधी उच्चारणार नाही, अशी तिने शितळादेवीपाशी शपथ घेतली. पुढे मुंबईला आत्याने शाळेत घातले तेव्हा ते नाव लिहिले गेले, इतकेच. बाप गेला, आत्या गेली. गावात मी कोंड्याच.

आईला न सांगताच काम उरकावे म्हणून मी हरीतात्या आणि त्यांचा भाऊ, अशा दोन शेजारी म्हाताऱ्यांना बैलगाडीत घालून तालुक्याच्या कचेरीत नेले. वाटेत दहादा पढवले, "विष्णू म्हणायचं." दोघांनी दहादा मान हलवली. मामलेदारसाहेबांनी शपथ दिली आणि विचारले, "हे कोण?"

"ह्यो आमच्या रामजीचा कोंड्या," हरीतात्या म्हणाले.

"मग विष्णू कोण?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिले, मग साहेबांकडे. "ठाव न्हाय, सायेब. गाडीत म्हनलो आसतो. शपथेवर खोटं कसं बोलू?"

भावानेही तेच सांगितले. साहेबांनी चष्मा काढला. "दुसऱ्याच्या नावावरचे पैसे उचलण्याला काय शिक्षा आहे, ठाऊक आहे का? त्या विष्णूचं तुम्ही काय केलंत?"

दाराशी उभ्या असलेल्या शिपायाच्या हातात बेडी आहे का, ते पाहवेना. "आई आहे माझी," एवढेच तोंडातून निघाले. "परवा घेऊन या," साहेब म्हणाले, "आणि गाव सोडून जाऊ नका."

घरी येऊन आईला सारे सांगितले. ती सुपारी कातरीत होती, ती थांबली.

"न्हाय. ह्ये माज्याच्यानं व्हनार न्हाय. तीन गेली माजी."

"आय, ह्या सगळ्या जुन्या समजुती," मी म्हणालो. पण ते नाव तिच्यापुढे मीही उच्चारले नाही.

दुसऱ्या दिवशी ती दिवसभर सुपाऱ्या कातरीत राहिली. संध्याकाळी दिवा लावताना पाठमोरीच तिने विचारले, "मी ते नाव न्हाय बोलले तर?"

"तर बोटीत चढायचं. आणखी नऊ वर्षं."

"मंजे मी मेल्यावं येशील."

तिने वातीवरची काजळी झाडली आणि मला सकाळची गाडी सांगायला लावली.

कचेरीत साहेबांनी तिला बसायला घोंगडी दिली. ती बसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "तू कानांत बोटं घाल. तुज्या कानावर जाता कामा नये." आणि मी, नऊ वर्षे परदेशात पाण्यासारखी इंग्रजी लिहिणारा कारकून, भर कचेरीत दोन्ही कानांत बोटे घालून उभा राहिलो. तिचे ओठ हलले. साहेबांनी कानाला हात लावला. ऐकू गेले नव्हते. पुन्हा हलले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिच्या कपाळावरची शीर ताठ झालेली दिसली आणि कारकुनाची लेखणी चालू लागली. आईच्या तोंडून माझे नाव मी त्या दिवशीही ऐकले नाही.

साक्षीचा कागद अस्तरात शिवून मी मुंबईची बोट धरली. पण खरे सांगतो, पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकताना मी जितका भ्यालो, तितका आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो. तीनदा हाक गेली होती. कोणी ऐकली असेल तर? दोन खलाशांनी मला पोत्यासारखे वर ओढले. बँकेत हेडक्लार्कने जाळीमागून मोठ्याने पुकारले, "विष्णू रामजी राऊत!" तेव्हा पुढे होण्याआधी मी मागे वळून पाहिले, आपल्याखेरीज आणखी कोणी त्या हाकेला उठत नाही ना म्हणून.

पैसे मिळाले. मोठमोठ्या वह्यांच्या त्या बँकेला नऊ वर्षांत मी कोण हे कळले नाही, आणि अंगठा उठवणाऱ्या म्हातारीने ते जीव मुठीत धरून सांगितले. परतीच्या वाटेवर माझ्या मनात एवढेच घोळत होते.

चौलला पोचलो तेव्हा ऊन चढले होते. आई अंगणाच्या कडेला उभी होती. मला पाहून ती पुढे आली नाही. वर पोफळींच्या शेंड्यांकडे बघत, साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारले,

"इष्णू गेला का रं आफ्रिकेला?"

क्षणभर मी गोंधळलो. मग समजलो, की हा प्रश्न ती हाक ऐकली असेल त्याच्यासाठी होता, आणि तिच्याइतक्याच मोठ्याने म्हणालो, "गेला, आय. बोटीत बसवून आलो. आता तो इकडं यायचा नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "तू ये आत, कोंड्या. ऊन लागतंय."