वसुधाताईंच्या वहीतली कुत्र्यांची घराणी

डॉ. वसुधाताई पुराणिक साठ वर्षांच्या झाल्या. त्यांच्याविषयी मी लिहावे असे या गौरव अंकाच्या संपादकांना वाटले, कारण मी बोलका आहे. खरे सांगतो, मला ताईंचा हेवा वाटतो, आणि इतक्या वर्षांत तो तसूभरही कमी झालेला नाही.

ओळख झाली आमच्या चंदीमुळे. चपट्या तोंडाची ही छोटी कुत्री चालता चालता थांबायची आणि मागच्या पायाने मानेजवळ नुसती हवाच खाजवत राहायची. दोन महिने मी तिला कडुनिंबाचे तेल चोळले आणि पिसवांवरून काशीच्या संकठा घाटावर साऱ्या गल्लीला शब्दांनी झोडपले. ताई जनावरांच्या डॉक्टर; त्यांनी चंदीला ओसरीवर चालवून पाहिले.

“भाऊ, तेल बंद करा. खाज कातडीत नाहीच. कवटी आखूड, मेंदूला जागा पुरत नाही. तो मागे दाटतो आणि मज्जारज्जूत पाणी साठतं, म्हणून मानेपाशी खाजल्याचा भास होतो. हिची आई कोण?”

“मला काय ठाऊक?”

“लेकीचं स्थळ पाहताना आजोळपर्यंत चौकशी केली असेल की!”

मला गप्प करणारी माणसे काशीत थोडी आहेत.

ताईंचे वडील ब्रह्मा घाटावरचे तीर्थोपाध्याय. यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे त्यांच्या वह्यांत असत. ताईंनी तशीच लांबट, लाल कापडाची वही सुरू केली, पण कुत्र्यांची. आई, बाप, भावंडे; कोणाला झटके आले, कोण लुळे पडले. असे आजार रक्तातून उतरतात, वरून धडधाकट दिसणारा कुत्राही ते पिल्लांना देऊ शकतो, हे त्या दारोदार जाऊन सांगत.

चंदी आणली होती पिल्ले विकणाऱ्या शीतलाप्रसादजींकडून. तिचा सख्खा भाऊ मोती त्यांच्यापाशीच होता आणि त्याचा मेळ ते घरच्याच एका कुत्रीशी लावणार होते. हे कळताच मी आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या सभागृहात तासभर बोललो. सौंदर्याच्या नावाखाली चालणाऱ्या क्रौर्याला सोलून काढले. सर्वांत मोठ्या टाळ्या शीतलाप्रसादजींच्या! “वाह गुरुजी, रोंगटे खड़े कर दिए!” अंगावर काटा आला म्हणाले, आणि मेळ सोमवारी ठरल्याचेही सांगून गेले.

रविवारी ताई वही घेऊन त्यांच्या घरी गेल्या. मीही मागोमाग गेलो. ताईंनी पान उघडले. “आप ही पढ़िए.”

शीतलाप्रसादजींचे बोट मोतीच्या नावावरून वर सरकले, मग त्या कुत्रीच्या नावावरून, आणि दोन्ही वेळा एकाच आजोबापाशी थांबले. त्याच्याच वंशात चंदी, आणि तिच्यासारखीच आजारी आणखी दोन.

“अरे बहनजी, ये तो घर का घर में ब्याह हो गया!”

“मोती को आराम से बूढ़ा होने दीजिए.”

सोमवारचा मेळ मोडला. माझ्या तासाभराच्या गर्जनेला जे जमले नाही, ते ताईंनी दोन वाक्यांत केले. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

पुढे चंदीचे दुखणे वाढले. ताई रोज सकाळी येत, औषध देत, मानेवर ताण नको म्हणून छातीला पट्टा कसा बांधायचा ते शिकवीत. त्यांची चाहूल लागली की चंदी माझ्या मांडीवरून उतरून दाराशी जाई. तोही हेवा इथे लिहून ठेवतो.

भाषण करणाऱ्याला टाळ्या मिळतात. जी दुखरी पिल्ले जन्मालाच आली नाहीत, ती ताईंसाठी कुठून टाळ्या वाजवणार? त्यांच्या वतीने मी वाजवतो, दातओठ खात का होईना. ताई, आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो. गुडघे शाबूत राहोत, घाटाच्या पायऱ्या सोप्या जावोत. अजून पुष्कळ दारे आपल्याला ठोठावायची आहेत, आणि मलाही अजून पुष्कळ हेवा करायचा आहे.