रुमालाखालची दोन बोटं

"ही बरी झाली तर काय देशील रे, धनगरा? तूच सांग किंमत."

डॉक्टरच्या मुलानं मला हे विचारलं. सोलापुरात, नव्या पेठेत, त्यांच्या ओट्यावर. टळटळीत दुपार. तो वेताच्या खुर्चीत. बाजूला त्याचे दोन सोबती. तिघंही पुण्याला डॉक्टरी शिकत होते, सुट्टीला घरी आले होते. मी खाली पायऱ्यांशी, उन्हात. माझ्या मागं बैलगाडी. गाडीत घोंगडीच्या सावलीला माझी बायको, मंजुळा. पोट धरून, गुडघे छातीशी घेऊन पडलेली.

डॉक्टर आत झोपले होते. जेवून झोपायचा त्यांचा नेम. उठवायचं नाही, असं मुलानं आल्या आल्याच सांगितलं. मी बरं म्हणालो. ओरडलो नाही. बायको मरायला लागली तरी मोठ्या माणसाच्या दारात ओरडायचं नसतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

तिचं दुखणं तीन दिवसांचं. पोटात उजव्या अंगाला गोळा उठायचा. आमचा कळप तेव्हा देगावच्या माळाला होता. एका बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवली होती, खतासाठी. पहिले दोन दिवस मी ओवा दिला, विटेनं शेकलं, देवऋषी आणला. तिसऱ्या दिवशी ती हिरवं ओकली. तेव्हा मालकाची गाडी मागून घेतली. सरकारी दवाखान्यात नेलं नाही. तिथं माणूस चिरतात म्हणून मी भ्यालो. या डॉक्टरच्या हाताला गुण आहे, असं माळावर सगळे म्हणायचे. म्हणून इथं आलो.

बसल्या बसल्या त्या तिघांचं बोलणं कानावर येत होतं. बैलापुढं माणूस जसं बिनघोर बोलतो, तसं ते माझ्यापुढं बोलत होते.

एक जण म्हणाला, "सरकारी नोकरीत पंच्याहत्तर रुपये देतात. पंच्याहत्तरात घोडागाडी तरी ठेवता येईल का?"

दुसरा चष्मेवाला. तो म्हणाला, "पैशासाठीच शिकायचं तर सराफी दुकान टाकावं. आपलं काम सेवेचं."

डॉक्टरचा मुलगा हसला. "तू कर सेवा. तुझे रोगी बरे होतील आणि तू उपाशी मरशील."

"मग गरिबानं काय करावं?"

"गरिबाच्या कमरेला किती असतं, तुला काय माहीत? हा बघ, समोरच बसलाय. यालाच विचारू की."

आणि मग त्यानं मला ते विचारलं.

मी म्हणालो, "तुमीच सांगा की सायेब."

"नाही, तूच सांग. बायको तुझी. तिची किंमत तुला ठाऊक."

किंमत म्हटल्यावर माझ्या हातून जे झालं ते आता लिहितो. मेंढरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालतात. एक दुसऱ्याची बोटं धरतो, दाबतो. जितकी बोटं तितके रुपये. बाजूला उभ्या असलेल्याला कळत नाही. माझा बाप असाच भाव करायचा. मीही बारा वर्षांचा असल्यापासून तेच केलं. किंमत ही चारचौघांत ओरडायची गोष्ट नाही, एवढंच मला ठाऊक. माझ्या बायकोची तर नाहीच नाही. मला वाटलं, हा शिकलेला आहे, याला कळेल.

मी तीन पायऱ्या चढलो. खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला आणि हात त्याच्यापुढं धरला.

तो दचकून मागं सरला. "हे काय रे?"

चष्मेवाल्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "अरे, बाजारात सौदा करतात ना, तसा करतोय तो. गंमत आहे. घाल, घाल हात."

त्यानं हात घातला. हात मऊ होता, लोण्यासारखा. मी त्याची दोन बोटं धरली.

"दोन!" तो हात ओढून घेत ओरडला. "दोन रुपये! अरे, बायकोची किंमत दोन रुपये!"

तिघंही हसले. सेवेचं बोलणारा सगळ्यात जास्त. त्यानं चष्मा काढून डोळे पुसले.

बाजारात असं कुणी ओरडलं तर त्याच्याशी पुन्हा कुणी सौदा करत नाही. पण हा बाजार नव्हता. ते मला आता कळतं.

आणि मी काय केलं? मी पण हसलो. मोठी माणसं हसली की आपणही हसायचं. तोंडाला तशी सवयच होती. दात काढून उभा राहिलो त्यांच्यापुढं.

मग मागं बघितलं. मंजुळा उठून बसली होती. घोंगडी बाजूला सारून माझ्याकडं बघत होती.

माझ्या कमरेच्या कशात, पैशाच्या पिशवीत, त्या वेळी अकरा रुपये होते. त्यातले नऊ मेंढ्याचे. आदल्या आठवड्यात मंजुळेनं हातानं भरवून वाढवलेला मेंढा मी विकला होता. घेणारा चारवर होता. मी अर्धा दिवस रुमालाखालचा हात सोडला नाही. आधी पाच बोटं, मग त्यावर आणखी चार. नऊवर आणला त्याला. तेव्हा ती शेजारीच उभी होती. मी सांगितल्यावर खूश झाली होती.

ओट्यावर मी दोनपासून सुरुवात केली, कारण सुरुवात अशीच करतात. मी वर चढणार होतो. अकराही दिले असते. कळप दिला असता. हे मी गेली बारा वर्षं मनाशी घोकतो. पण खरं ते खरं. बायको गाडीत तळमळत होती आणि माझा हात भाव पाडत होता. माझाच हात.

गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले. मुलानं हसत हसत सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. मला म्हणाले, "पाच रुपये ठेव पायरीवर. मग बघतो."

ठेवले. ते खाली आले, गाडीशी गेले. त्यांना त्यांचं काम येत होतं, खोटं बोलणार नाही. एकदाच पोट दाबलं. ती किंचाळली. त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, "हिला चिरावं लागेल. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात ने. आधीच उशीर केलास."

आम्ही आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आता घराची सावली रस्ता ओलांडून पलीकडं गेली होती.

मी बैल दवाखान्याच्या रस्त्याला घातले. मागून मंजुळा बोलली.

"अवं, माळाला चला."

"डाक्टर म्हनला—"

"आइकलं मी. माघारी चला."

"मंजे, चिरल्याबिगर जमनार न्हाय."

"तितं बी इचारतील, किती देतूस म्हनून. मला न्हाय परत आइकायचं."

मी बैल थांबवले. रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. ती एवढंच म्हणाली, "मेंढा नऊला गेला न्हवं?"

सुरुवात होती गं, मी वर जाणार होतो. हे शब्द तोंडात आले आणि तिथंच राहिले. कोणत्या तोंडानं सांगणार?

मी बैल वळवले. माळाच्या रस्त्याला लागलो.

इथं थांबून एक गोष्ट लिहायची आहे. ती लिहिली नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही. तिला बांधून नेता आलं असतं. मी दांडगा माणूस, ती आजारी. पण ती नको म्हणाली तेव्हा मला आतून बरं वाटलं. अजून एका ओट्याखाली उभं राहावं लागणार नाही, म्हणून सुटल्यासारखं वाटलं. तिच्या जिवापेक्षा मला माझी लाज मोठी झाली.

दुसऱ्या दिवशी, मेंढरं सोडायच्या आधी, ती गेली.

भाऊबंदांना मी सांगितलं, डॉक्टरनं आशा सोडली होती. हे खोटं मी बारा वर्षं सांभाळलं. लोक म्हणायचे, बिचाऱ्यानं बायकोसाठी मोठा डॉक्टर केला. मी मान हलवायचो.

आता पुढचं. माझा धाकटा भाऊ सोलापुरातच गिरणीत आहे. त्याचा मुलगा बिरू यंदा मॅट्रिक झाला. आमच्या भावकीत चौथीच्या पुढं कुणी गेलेलं नाही. मी स्वतः दुसरी शिकलो. बिरूला पुण्याला डॉक्टरीला घालायचं ठरलं. मला मूलबाळ नाही. कळप विकून त्याचा खर्च मी करायचा, असा शब्द मी दिला होता. आनंदानं दिला होता.

रविवारी गिरणीला सुट्टी. सकाळीच भावाच्या खोलीपुढं भावकी जमली, वीसेक माणसं. आमच्यातले थोरले, पाटलू नाना, त्यांनी बिरूला विचारलं, "काय रं, डाक्टर झाल्यावर मिळवशील किती?"

बिरू म्हणाला, "सरकारी नोकरी न्हाय करायची नाना. पगार कमी. आपलाच दवाखाना टाकायचा. येका घरी गेलं की पाच रुपये."

"पाच!" नानांनी मांडीवर थाप मारली. "आरं, आमी म्हैनाभर लोकर कातरतू तवा पाच दिसत्यात!"

"आन पैसं आदी ठेवायचं, मग नाडी. न्हायतर लोक बुडवत्यात. समदे डाक्टर तसंच करत्यात."

दारातून भावजय म्हणाली, "बंगला बांधंल माझा लेक. तुमी बगाच."

सगळे हसले. मीही हसलो. मन भरून हसलो. वाटलं, आता त्या पेठेतली माणसं आमच्या दाराशी उभी राहतील. आमचा पोरगा खुर्चीत बसेल आणि ती उन्हात.

आणि हसता हसता मला माझाच आवाज ऐकू आला. ओट्यावर हसलो होतो तोच आवाज. तेव्हा गाडीत कोण होतं ते मला माहीत होतं. आता कोण असेल ते माहीत नव्हतं. पण कुणीतरी असणारच.

माझं हसणं मोडलं. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. रुमाल, दोन बोटं, मेंढा, कशातले अकरा. ती काय म्हणाली ते. मी बैल वळवले ते. डॉक्टरनं आशा सोडली नव्हती, मी सोडली होती, हेही.

भाऊ हळूच म्हणाला, "दादा, खाली बस की. चार मानसं हायती."

"चार न्हाय, ईस हायती. आइकू दे."

बिरूचं तोंड लाल झालं. तो म्हणाला, "आबा, दोन बोटं तुमी धरली. त्यात डाक्टरचा काय दोष? त्याला प्वाट न्हाय व्हय?"

पोरगा हुशार. बरोबर जागी बोट ठेवलं.

मी म्हणालो, "माझा दोष माझ्यापाशी. ती लाज मी घिऊनच मरनार, तू तिची काळजी करू नगंस. डाक्टरला प्वाट हाय. त्यानं पैसं घ्यावं, घर बांधावं, घोडा ठिवावा. मला राग न्हाय. पर मानूस तळमळत असताना त्याच्या मानसाला भाव करायला लावू नगं. आदी हात लाव. काय झालंय ते सांग. मग माग तुझं पैसं. आन ज्याच्यापाशी न्हायती, त्याला मागू नगंस."

"आन समद्यांनी बुडवलं तर?"

"तर मेंढरं राखायला ये."

कुणीतरी फिसकन हसलं. बिरू हसला नाही. "इचार करतू," म्हणाला आणि पायात वहाणा घालून निघून गेला.

पाटलू नाना उठताना म्हणाले, "गडी बायकोच्या दुक्कानं बिघडला." भाऊ त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. भावजय म्हणते, माझ्या लेकाच्या ताटात माती कालवली.

कालवली असेल. मी त्याच्याकडून सेवेची शपथ मागितलेली नाही. सेवेचं बोलणारा मी जवळून बघितला आहे. तो जागचा उठला नाही. पैसे घेणारा म्हातारा डॉक्टरच शेवटी गाडीपाशी आला. म्हणून पगार किती मिळावा, किती घ्यावा, हा वाद शिकलेल्यांनी घालावा. मला त्यातलं कळत नाही. मी एकच मागतो. दारात आलेल्याला त्याच्या माणसाची किंमत विचारू नये.

बिरूचा निरोप अजून आलेला नाही. पुण्याला जायचे दिवस जवळ आले आहेत. माझ्याकडं सत्तर मेंढरं आहेत. त्यानं सगळ्या भावकीपुढं उभं राहून हो म्हणावं. मी दुसऱ्या दिवशी कळप विकीन. एक कोकरू मागं ठेवणार नाही, मग म्हातारपणी लोकांच्या बांधावर राहायची पाळी आली तरी चालेल. नाही म्हणाला तर लोकरीचा एक केस देणार नाही. भावकीनं वाळीत टाकलं तरी नाही. आणि तो दुसऱ्या कुणाच्या पैशानं डॉक्टर झाला, आणि रोग्याला हात लावायच्या आधी पैसे मागायला लागला, तर मी रोज त्याच्या दारात जाऊन बसेन. येईल त्याला सांगेन, हा माझ्या रक्ताचा आहे. याच्याकडं जाऊ नका.