क्लच मोकळा होता

दुष्काळातली भर दुपार, बेंबळीच्या पुढची कच्ची वाट... मी बातमीसाठी दूध सोसायटीच्या जीपमधून निघालो होतो. ड्रायव्हर सोपानचं चित्त मात्र ठिकाणावर नव्हतं. त्याचे वडील पहाटे एकटेच शेतातल्या विहिरीचा गाळ काढायला गेले होते, ते अजून परतले नव्हते. म्हणून जीप आधी तिकडं वळवली.

वाटेत जीप कण्हायला लागली. लांब, घशातून, अगदी माणसासारखी...

"लई दिस झालं, अशीच रडती," सोपान म्हणाला. "बायका म्हणत्यात, ह्या गाडीत कुनीतरी हाय."

मला यंत्रातलं काही कळत नाही. पण न्यायशास्त्रातला अन्वय-व्यतिरेक पाठ आहे: कारण असलं की कार्य होतं, नसलं की होत नाही. म्हटलं, "सोपानराव, क्लच दाबा बरं. आता सोडा." दाबला की कण्हणं, सोडला की शांतता... पुन्हा तेच. म्हणजे दोष क्लचच्या बेअरिंगचा, भुताचा नव्हे.

"आसंल," तो म्हणाला. "मागं पान्याची पिंपं आसत्यात. हिसका बसला की पानी सांडतं, म्हनून पाय क्लचवरनं काढतच न्हाय म्या." मग हसला. "शास्त्रीबुवा, भूत बी पळवता की तुमी."

मी जरा फुगलोच.

शेतात पोचलो. वारा नाही, पाखरू नाही. बाभळीला वडिलांचा पटका तेवढा लटकलेला... सोपाननं बसल्या जागेवरूनच हाक मारली. ओ आली नाही.

आणि जीप पुन्हा कण्हली.

"लागलं बगा परत," तो पुटपुटला. मी शहाण्यासारखी मान हलवली... आणि सहज खाली पाहिलं. त्याचे दोन्ही पाय पेडलपासून लांब होते.

"सोपानराव, इंजिन बंद करा."

इंजिन बंद झालं. आवाज चालूच होता.

विहिरीची एक कड ढासळली होती. म्हातारबा तळाशी कमरेइतके मातीत रुतलेले, तोंडातून शब्द फुटत नव्हता, नुसतं कण्हणं. पिंपं बांधायचा दोर सोडून सोपान खाली उतरला. हाकेनं शेजारच्या शेतातली माणसं आली. पाय मोडला होता, पण माणूस वाचला.

आजही गाडीत कुठलाही आवाज आला की मी आधी इंजिन बंद करायला लावतो, आणि थोडा वेळ ऐकत बसतो... मुलं म्हणतात, बाबांना पेट्रोल वाचवायचं वेड आहे. म्हणू देत.