टेंपरेचर बाई

गरम वस्तूला बाई तळहात कधी लावायच्या नाहीत. उलटा हात लावायच्या. चहाचा ग्लास असो, विमान ठेवायच्या हँगरचा तापलेला पत्रा असो, नाहीतर नुकत्याच उतरलेल्या विमानाचं इंजिन असो, आधी बोटांची मागची बाजू टेकवायची, मग पुढचं काय ते. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मामा, तळहात भाजला तर पाना कशानं धरू? मागची बाजू भाजली तर भाजली. तिला काय काम असतंय?" आसपासच्या वस्तीवरच्या लोकांनी त्यांचं नाव पाडलं टेंपरेचर बाई. त्यांना ते माहीत होतं. राग नव्हता.

मी चौथी शिकलेला माणूस. नगरहून मिरजगावकडं जाताना आत माळावर एक छोटी धावपट्टी होती. तिथं विमान चालवायला शिकवणारी खाजगी शाळा होती, आणि त्या शाळेकडं दोन माणसं बसतील एवढं एकच विमान. मी तिथं राखणीला. शटर उघडायचं, विमान ढकलत बाहेर काढायचं, इंजिन चालू करताना आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन बाजूला उभं राहायचं. माझी बायको कौसा झाडलोट आणि चहा बघायची. हँगरच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. पोरंबाळं झाली नाहीत.

बाई तिथल्या इंजिनियर. सरकारी लायसनच्या. त्यांची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलायचं नाही. मिरजगावच्या बौद्ध वस्तीतली पोर, शिकून मोठ्या विमानतळावर लागलेली. आईला लकवा मारला तसं ते सोडून परत आल्या. सकाळी आईला अंघोळ घालून मोटारसायकलवर माळावर यायच्या, दिवस मावळताना परत. आई आणि इंजिन दोन्ही त्यांना मिळत होतं ते त्या एका विमानामुळं. ते बंद पडलं तर दोन्हीतलं एक सोडावं लागणार, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

खरं ते लिहितो. पहिलं वर्षभर कौसा बाईंना चहा कागदी कपात द्यायची आणि बाकीच्यांना काचेच्या ग्लासात. बाई तोच कप घ्यायच्या. चहा प्यायच्या, कप चुरगाळून टाकायच्या, कामाला लागायच्या. एका दुपारी कौसा तापानं पडली. बाईंनी कपाळाला उलटा हात लावला आणि म्हणाल्या, "मामा, हिला गाडीवर माझ्या मागं बसवा आन् वढणीनं माझ्या कमरंला बांधा." तशा मिरजगावच्या डॉक्टरकडं घेऊन गेल्या. सलाईन संपेपर्यंत बसल्या. आठवड्यानं कौसानं ग्लासातून चहा दिला. बाईंनी ग्लास बघितला, कौसाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मामी, साखर कमी झालीय." बस. त्या विषयावर दोघींत एवढंच बोलणं झालं. मग मात्र दोघी मायलेकीसारख्या भांडायच्या.

बाईंची कामाची एक रीत होती. आधी काटा खोटा धरायचा. काटा म्हणजे इंजिन किती तापलं ते दाखवणारा. एका दिवाळीनंतर विमान शिकवणारे कप्तान खाली उतरले आणि म्हणाले, "बाई, वर चढताना ऑइलचा काटा लाल रेघेला टेकला." दुसरा कुणी लगेच पाना घेऊन इंजिनावर बसला असता. बाईंनी काटा त्याच्या इंजिनातल्या कांडीसकट काढला आणि आमच्या खोलीत आल्या. कौसाच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, त्यात ती कांडी आणि शेजारी एक चांगलं थर्मामीटर बुडवलं.

"अवो, त्यात मी च्या करती!" कौसा ओरडली.

"आज इंजिनाचा च्या हाय मामी."

"आन् माणसांनी काय प्यायचं? डिझेल?"

"गप बस जरा. काटा खरं बोलतोय का बघू दे."

काटा खरं बोलत होता. बाईंचं तोंड उतरलं. त्या दिवशी मला कळलं, काटा खोटा निघावा म्हणून माणूस किती आस लावून बसतो.

हे इंजिन पाण्यानं गार होत नाही. मोटारसायकलचं असतं तसं, वाऱ्यानं गार होतं. विमानाच्या नाकाच्या दोन मोठ्या भोकांतून वारा आत शिरतो, सिलेंडरच्या पात्यांमधून खाली उतरतो आणि बाहेर जातो. वारा दुसरीकडून निसटला किंवा कुठं अडला, की इंजिन तापलंच. बाईंनी बॉनेट उघडून वरून बॅटरी मारली. पात्या स्वच्छ होत्या. मग ऑइल बदललं. मग वारा निसटू नये म्हणून कडेनं ज्या रबरी पट्ट्या असतात त्या बदलल्या. मग कार्बोरेटर उतरवला, पेट्रोल कमी पडतंय का बघितलं. मग ठिणगीचं टायमिंग. दर वेळी एकच गोष्ट बदलायची, विमान वर पाठवायचं आणि आपण धावपट्टीच्या कडेला आभाळाकडं बघत उभं राहायचं.

शाळेचे मालक नगरला राहायचे. ते येऊन चिडायचे. "सगळं एकदम बदलून टाका ना. एकेक काय करत बसलात?"

"सगळं एकदम बदललं तर कशानं बरं झालं ते कळणार नाही, सर."

"नाही कळलं तर काय बिघडलं? बरं झालं म्हणजे झालं."

"पुन्हा बिघडलं की मग कळेल काय बिघडलं ते."

मालकांना हसू आलं नाही. म्हणाले, "थंडीचे दिवस आहेत. थंडीत कसलं इंजिन तापतं? उडवत राहा." बाईंनी सही केली नाही. विमान आत ढकलून ठेवलं. शिकायला आलेली मुलं हळूहळू दुसऱ्या गावच्या शाळेत गेली. मालक फोनवर बोलायचे तेव्हा बाई फोन कानापासून लांब धरायच्या, आम्हालाही ऐकू यायचं.

मग एका सकाळी त्यांनी ऑइलचा फिल्टर कापला. आतला घडीचा कागद पंख्यासारखा उलगडून उन्हात धरला. मला म्हणाल्या, "मामा, या. तुम्हाला दिसतंय का?" तेलात बारीक चमक होती. साडीवर टिकल्या सांडाव्यात तशी. बाईंनी चुंबक फिरवला, चमक चुंबकाला चिकटली. आत लोखंड झिजत होतं. त्यांनी कागद घडी करून ठेवला आणि हात धुवायला गेल्या. लई वेळ धुतले.

नुसत्या दुरुस्तीनं भागेल ही आशा तिथंच संपली. पण कारण सापडल्याशिवाय बाई थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी एक सिलेंडर उतरवायला घेतला. मी बॅटरी धरून होतो. सिलेंडरच्या डोक्याला केसाएवढी चीर गेली होती. आणि तो बाजूला झाल्यावर खालचा पत्रा दिसला, जिथं एरवी नजर पोचतच नाही. तिथं तेलात आणि धुळीत भिजून थापलेला काळा गठ्ठा अडकला होता, घोंगडीच्या तुकड्यासारखा. वाऱ्याची वाटच बुजली होती.

मी म्हणालो, "घरटं हाय. साळुंकीचं."

बाईंनी तो गठ्ठा वर्तमानपत्रावर काढून बोटानं उकलला. आत झेंडूच्या पाकळ्या होत्या, सुकून तपकिरी झालेल्या. दोऱ्याचा एक तुकडा. आणि तांदळाचे दाणे. काही दाण्यांवर लाल रंग अजून होता.

त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मामा, साळुंकी तांदळाला कुंकू लावून आणती का?"

दसऱ्याला बाई दर वर्षी आईला घेऊन नागपूरला जायच्या, दीक्षाभूमीवर. जाण्याआधी, पाखरं आत शिरू नयेत म्हणून, विमानाच्या नाकाच्या दोन्ही भोकांत लाल कापडाच्या उशा घट्ट बसवायच्या आणि कौसाला सांगायच्या, "मामी, पूजा करा, काय करायचं ते करा. फक्त हार शटरला घाला, विमानाला न्हाई." बाकी वर्षी कौसानं ऐकलं. त्या वर्षी मी खर्ड्याला भावाकडं सोनं द्यायला गेलो होतो. ही एकटी होती.

त्या रात्री मी जेवताना सहज विचारल्यासारखं केलं, औंदा पूजा कशी केलीस. कौसा आनंदानं सांगायला लागली. "लई झ्याक केली. त्या उशा काढल्या आधी. सणाच्या दिवशी नाकात बोळं? मड्याच्या नाकात घालत्यात तसं? माझ्या बाईचं विमान हाय ते. नाक मोकळं केलं, हार घातला, चांगली वंजळभर फुलं आन् अक्षता वाहिल्या. सकाळी परत उशा घट्ट बसवल्या, बाईला कळलंबी न्हाई." मी भाकरी तशीच ठेवली. तिला वाटलं कालवण तिखट झालं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बाजूला घेतलं. "मामींना सांगितलं?"

"न्हाई."

"सांगायचं न्हाई. कधीच. साळुंकीचं घरटं निघालं म्हणायचं."

आणि स्वतः जाऊन कौसाला तसंच सांगितलं. कौसा म्हणाली, "मेल्या साळुंक्या! एवढा माळ पडलाय मोकळा, त्यास्नी माझ्या बाईचंच विमान गावलं?" तिथून पुढं हँगरवर साळुंकी बसली की ही काठी घेऊन धावायची. बाई ते बघायच्या आणि मान फिरवायच्या.

मालकांना बाईंनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, झाडपाला अडकला होता, वारा अडला. कुठून आला, कुणी टाकला, मालकांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "कुठूनही येऊ दे. बघायचं काम माझं होतं आणि मी बघितलं नाही." मालकांनी नवं इंजिन घातलं नाही. शाळा बंद केली, हँगरची राखण तेवढी आमच्याकडं राहिली. आणि जो विचारेल त्याला सांगत सुटले, इंजिनियर बाईच्या हलगर्जीपणानं माझं विमान गेलं. छोट्या विमानांची दुनिया चावडीएवढी असते. बाईंनी कामासाठी बारामतीला विचारलं, पुण्याला विचारलं. सगळीकडं ती गोष्ट त्यांच्या आधी जाऊन बसलेली.

शेवटी आईला घेऊन हैदराबादला गेल्या. एका मोठ्या कंपनीच्या गोदामात, विमानाचे सुटे भाग मोजून आत घ्यायचे आणि मोजून बाहेर द्यायचे. निघायच्या दिवशी कौसानं बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. बाई तिला म्हणाल्या, "मामी, च्या कमी पीत जा." कौसा म्हणाली, "तू ये परत, मग तुझ्याम्होरं कमी पिईन." आईला टेम्पोत पुढं बसवलं होतं. बाई मागं सामानावर बसून गेल्या.

कौसा मागल्या उन्हाळ्यात गेली. पोटात गाठ होती, कळली तेव्हा उशीर झालेला. दवाखान्यात असतानाही ती बाईंना फोन लावायला सांगायची आणि साळुंक्यांना शिव्या द्यायची. बाई हसायच्या. माती झाली तेव्हा बाईंना येता आलं नाही, आईला कुणाजवळ ठेवणार. फोनवर रडल्या. मी नाही रडलो. मला येत नाही.

घरात एकटं बसलं की माणूस नको ते ठरवतो. मी ठरवलं, आता कौसाला कळायचं काही राहिलं नाही, तर बाईंच्या नावावरचा डाग तरी पुसावा. नगरला मालकांच्या बंगल्यावर गेलो. सगळं सांगितलं. फुलं, अक्षता, उशा, सगळं. मालकांनी चहा दिला. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मामा, विमान भंगारात जाऊन किती दिवस झाले. आता कुणाच्या हारानं गेलं त्याचं काय करायचं?"

"तुमी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांना फोन करा."

"अहो, ते विसरले असतील."

"ते इसरले. बाई न्हाई इसरल्या."

मालक म्हणाले बघतो. मी ओळखतो ते 'बघतो'. तरी मी बाहेर येऊन रस्त्यातूनच बाईंना फोन लावला. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. कुणीतरी आपल्यासाठी बोललं, असं वाटेल.

मालकांना सगळं सांगून आलो, असं बाईंना म्हणालो. मागं गोदामात खोकी ओढल्याचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "कशाला सांगितलं, मामा?"

"तुमची चूक नव्हती म्हणून."

"माझीच होती. नागपूरहून आल्यावर खालचा पत्रा काढून बघायचा होता मी. आईला ताप होता, घाईत वरून बॅटरी मारली आन् सही केली. मामींनी फुलं वाहिली, त्यात काय. फुलं वाहणाऱ्याचं काम फुलं वाहायचं. बघायचं काम माझं."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी बोलू दिलं नाही.

"इथं मी बोल्ट मोजते मामा. दिवसभर. इंजिनाला हात लागत न्हाई. त्या इंजिनातलं माझं म्हणून आता एवढी चूकच राहिलीय. ती तरी राहू द्यायची हुती."

आणि फोन ठेवला. त्यानंतर मी तीनदा लावला. उचलत नाहीत. एसटी स्टँडवर मिरजगावची गाडी लागली होती, मी तिच्यात चढलो नाही. खोलीवर जाऊन कुणाला काय सांगणार होतो?