सोल्रूनबाईंना मिळालेला वन्स मोअर

१. लेस्टरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये सोल्रूनबाईंनी आपल्या फेरोई भाषेत एकपात्री नाटक केले.
२. प्रेक्षक आपल्या मराठी मंडळाचे होते. फेरोई कोणालाही येत नव्हती.
३. नाटक सत्तर मिनिटांचे होते. मध्यंतर नव्हते.
४. कोणीही उठून गेले नाही.
५. शेवटचे गाणे दोनदा झाले.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तकात एवढी नोंद पुरली असती. पण त्या प्रयोगात बाईंनी काय पणाला लावले होते, हे सर्वांना माहीत नाही. प्रकाशयोजना माझ्याकडे होती, म्हणून लिहिते.

त्यांची माझी ओळख ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, मंडळाच्या नाटकाच्या तालमीत झाली. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकत होते. बाई स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या फेरो बेटांवरून आलेल्या, इथल्या रंगभूमीवर मुरलेल्या अभिनेत्री. दिग्दर्शनासाठी मंडळाने त्यांना बोलावले होते. मराठीचा एक शब्द येत नसताना त्यांनी आमचे सचिव डॉ. केळकर यांना भर वाक्यात थांबवले. इथे काहीतरी गळले आहे, म्हणाल्या. संहिता पाहिली, तर दोन ओळी खरोखर गळल्या होत्या. डॉक्टरांनी त्यानंतर कधी विंगेत प्रॉम्प्टर मागितला नाही.

हीच शिस्त त्या मायेतही पाळत. ब्रॅकनेलच्या एका कंपनीतल्या मुलाखतीआधी त्यांनी मला तालमीच्या खोलीत अकरा वेळा दारातून आत यायला लावले. माफी मागायला आल्यासारखी येतेस, असे त्यांचे म्हणणे. बाराव्या वेळी त्यांनी मला बसायला खुर्ची दाखवली. ती नोकरी मी आजही करते.

इंग्लंडमध्ये बाईंनी वीस वर्षे इंग्रजीत कामे केली होती, स्वतःच्या भाषेत एकदाही नाही. जिथे विचारले तिथे, प्रेक्षक कुठून आणणार, हाच प्रश्न आला. अखेर त्यांनी आपल्या मंडळाला विचारले. हॉल रिकामा झाला तर यापुढे कोणाकडेही मागणार नाही, असे मला आधीच सांगून ठेवले.

डॉ. केळकर म्हणाले, "अहो, सत्तर मिनिटं, मध्यंतर नाही, आणि भाषा अशी की शिव्या घातल्या तरी कळायच्या नाहीत."

मी ते बाईंना इंग्रजीत सांगितले. "त्यांना सांग," बाई म्हणाल्या, "शिव्या नक्की कळतील."

कळल्या. एका मेंढीवरून भांडणाऱ्या दोन बहिणी बाई एकट्याच करत होत्या. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या कमलमावशी वडे तळायचे सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला म्हणाल्या, "धाकटीचंच बरोबर आहे."

शेवटी मोठी बहीण जाते आणि धाकटी एकटीच पायाने ठेका धरून गाते. गाणे संपले. मी प्रकाश मंद करत असताना दारातून कमलमावशींचा आवाज आला, "वन्स मोअर." मग सगळ्या हॉलचा.

बाईंना ही रीत ठाऊक नव्हती. मराठी उच्चारांच्या त्या गलक्यात शब्द इंग्रजी आहेत हेच त्यांच्या लक्षात आले नाही; नाटक बंद करायला सांगताहेत, अशी त्यांची समजूत झाली. ते त्यांच्या खांद्यांवरून दिसत होते. केबिनमधून मला बोलता येत नव्हते, आणि आधीच्या प्रकाशाकडे मागे जाण्याची सूचना माझ्या क्यूशीटवर नव्हती. मी स्लायडर उलटा नेला आणि गाण्याच्या सुरुवातीचा प्रकाश परत आणला. त्यांनी वर पाहिले. त्यांना समजले. त्या पुन्हा गायल्या, आणि या वेळी ठेका पूर्ण हॉलने धरला.

नंतर मी त्यांना त्या दोन शब्दांचा आमच्याकडचा अर्थ सांगितला. बाई एका दिव्याच्या पेटीवर बसल्या. "म्हणजे त्यांना मी अजून हवी होते," म्हणाल्या.

पुढे तो प्रयोग स्लाऊला झाला, लंडनला झाला, आणि ज्या नाट्यगृहांनी प्रेक्षकांबद्दल विचारले होते त्यांतल्या दोन ठिकाणी झाला. दोन्हीकडे तिकिटे संपली.

बाईंचे गुडघे, आवाज आणि चूक पकडणारे कान पुढची कितीतरी वर्षे असेच शाबूत राहोत. त्या आता दोन स्त्रियांचे नवे नाटक बसवत आहेत. एक फेरोईत बोलेल, ती भूमिका बाई करतील. दुसरी मराठीत बोलेल. ती करण्याची इच्छा असणाऱ्यांनी पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मला लेखी कळवावे.