सडक्या अंड्यांच्या वासाची गाडी

नवऱ्याचं ऑफिस शहरातून उठून शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत गेलं, तेव्हा त्याच्या खात्यातल्या प्रत्येकाला एकदम मोठी गाडी लागायला लागली. अंतर वाढलं हे खरं, पण अंतरासाठी छोटी गाडीही चालली असती. तिकडचे रस्ते इतके रुंद आणि इतके रिकामे होते की त्यांच्यावर छोट्या गाडीतून जाणारा माणूस कारकून वाटायचा. माझ्या नवऱ्याला कारकून वाटून घ्यायचं नव्हतं. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाची नऊ वर्षं जुनी, पेट्रोलवर चालणारी एसयूव्ही त्याने घेतली. पेट्रोलची का, तर डिझेलच्या गाड्या ठेकेदार वापरतात.

सोमवार ते शुक्रवार तो सहकाऱ्यांबरोबर ऑफिसच्या गाडीने जायचा. म्हणजे ज्या कामासाठी ही गाडी घेतली, त्या कामाला ती कधी गेलीच नाही. ती चालवायचे मी. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि आठवड्यातून तीनदा त्यांना समता कॉलोनीत फिजिओथेरपीला न्यावं लागायचं. कॉलेजमधला माझा शेवटचा तास संपला की मी घरी यायचे, त्यांना मागच्या सीटवर चढवायचे आणि निघायचे.

एक दिवस डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. त्याच आठवड्यात वास सुरू झाला.

"गाडीत अंडे कोणं आणले वं?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणी नाही आणले, आई. बाहेरचा वास असेल. नाली असेल."

"नाली मागं राहून गेली. वास आपल्यासंगच येऊन राहिला."

मी काच वर केली. इथे मला स्वतःबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढे मी इतरांना बरीच नावं ठेवणार आहे. मी बावीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, हे मी दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्याच महिन्यात सांगायचे. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतींना तो वास कायमचा चिकटलेला होता. आणि माझ्या स्वतःच्या गाडीत तो आला तेव्हा मी नालीला दोष दिला. शाळा न पाहिलेल्या माझ्या सासूने वासाचा माग बरोबर लावला होता.

गाडी शंकर नगरच्या सर्व्हिस सेंटरला गेली. तिथे सगळं काचेचं होतं, बटण दाबलं की चहा देणारं यंत्र होतं आणि टाय लावलेला एक सल्लागार होता. त्याने स्टिअरिंगखाली एक केबल जोडली, हातातल्या यंत्राकडे पाहिलं आणि निकाल दिला.

"कैटेलिटिक कन्वर्टर गया, सर."

गाडी मी आणली होती, किल्ली माझ्या हातात होती, तरी तो बोलला बरोबर आलेल्या नवऱ्याशी. कन्व्हर्टर म्हणजे धूर जाण्याच्या नळीत बसवलेला एक डबा. त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते, जाळीवर प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ थर असतो. इंजिनातून निघालेला विषारी धूर त्या भोकांतून जाताना बराच निरुपद्रवी होतो. हे मी तिसऱ्या वर्षाला फळ्यावर आकृती काढून शिकवायचे.

"पण गेला कशाने?" मी विचारलं.

"उमर हो गई, सर," तो नवऱ्याला म्हणाला.

नवऱ्याने समजूतदारपणे मान हलवली. कन्व्हर्टर बदलला. पिवळा दिवा विझला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला नवरा 'कैटेलिटिक' हा शब्द ऐकवायचा, जणू तो भाग त्यानेच शोधला होता.

चार महिन्यांनी दिवा परत लागला, वास परत आला, आणि आता गाडीची ताकदही गेली. रेल्वेच्या ओव्हरब्रिजवर चढताना ती पहिल्या गिअरमध्ये धापा टाकायला लागली. मागे ऑटोवाले हॉर्न वाजवत होते. एक सायकलवाला आमच्या बाजूने पुढे गेला आणि त्याने वळून आमच्याकडे पाहिलं.

"उतरून ढकलू का वं?" सासूबाई म्हणाल्या. गुडघ्यात नवीन सांधा बसवलेली बाई.

सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराने पुन्हा केबल लावली. यंत्राने पुन्हा तेच सांगितलं. आता वयाचं कारण चालणार नव्हतं, कारण कन्व्हर्टर चार महिन्यांचा होता. तेव्हा त्याने दुसरं कारण काढलं. "मिलावटी पेट्रोल है, सर. पंप बदलिए."

नवऱ्याला हे फार आवडलं. भेसळ म्हणजे कोणावर तरी ओरडता येतं. रविवारी सकाळी तो आमच्या नेहमीच्या पेट्रोल पंपावर गेला आणि आपण कोणत्या खात्यात काय आहोत हे त्याने आधी सांगितलं. पंपावरच्या माणसाने वाद घातला नाही. नियमाप्रमाणे फिल्टर पेपर आणला, त्यावर पेट्रोलचे थेंब टाकले. दोन मिनिटांत पेट्रोल उडून गेलं आणि कागद कोरा राहिला. डाग नाही म्हणजे भेसळ नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं.

"कागदच बरोबर नाही," नवरा म्हणाला.

मी गाडीत बसून होते. मी काच वर केली.

मग सल्लागार म्हणाला की पेट्रोल टाकीतला पंप कमजोर झालाय, इंजिनला पेट्रोल कमी पडतं. तो पंपही बदलला. गाडी होती तशीच राहिली. त्या दिवशी ती ताब्यात घेताना मी सहज सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवलं. बोट काजळीने काळंभोर झालं. काजळी म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी. मेणबत्तीवर बशी धरली की शाळेतलं पोरही हे पाहतं. इंजिनला पेट्रोल कमी पडत असतं तर काजळी आली कुठून?

मी ते बोट सल्लागाराला दाखवलं. त्याने मला टिश्यू पेपर दिला.

"मैडम, ये टेक्निकल है," तो म्हणाला. "सर को समझा दूंगा."

मी टिश्यू पेपर घेतला, बोट पुसलं आणि गाडी घेऊन घरी आले. वाटेत पहिल्यांदा नीट विचार केला. पेट्रोलमध्ये थोडं गंधक असतंच. एरवी कन्व्हर्टर त्याचं काही वास न येणारं करून टाकतो, पण धुरात न जळलेलं पेट्रोल जास्त असलं की त्याच गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड होतो. ते न जळलेलं पेट्रोल मग कन्व्हर्टरच्या आत जळतं, जाळी लाल होते, वितळते, भोकं बुजतात. धुराला वाट राहिली नाही की गाडी चढावर धापा टाकणारच. कन्व्हर्टर कारण नव्हता. तो मार खाणारा होता. त्याला मारत होतं कोण, हे कोणी पाहिलंच नव्हतं, कारण यंत्राने तेवढं सांगितलं नव्हतं.

आमच्या कॉलेजची बस बीरगांवच्या एका मेकॅनिककडे दुरुस्त व्हायची. पुढच्या रविवारी नवरा दुपारचा झोपला होता, तेव्हा मी निघाले. प्रयोगशाळेतला निर्वात दाब मोजायचा गेज आणि रबरी नळी पिशवीत घेतली. सासूबाई म्हणाल्या, "मी बी येतो. घरी बसून बसून गुडघा आखडून राहिला."

मेकॅनिक पन्नाशीचा, जाड चष्म्याचा. त्याने सासूबाईंना प्लॅस्टिकची खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानेही आपला उपाय सांगितला.

"जाली फोड़ देते हैं मैडम. खोखला डब्बा लगा देंगे. गाड़ी भागेगी."

"आणि धूर?"

"धुआं तो पीछे जाएगा."

हा निदान खोटं बोलत नव्हता. जाळी फोडायची नाही, आधी पेट्रोल जास्त कुठून येतं ते शोधायचं, असं मी सांगितलं आणि पिशवीतून गेज काढला. त्याने गेजकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चष्मा वर केला. धूर अडतो का ते पाहायला, इंजिन जिथून हवा ओढतं तिथे गेज लावायचा होता. मी एक बारीक रबरी नळी दाखवली आणि म्हटलं, ही काढून इथेच जोडू. त्याने नळी खेचली.

नळीतून पेट्रोल ठिबकलं.

ती हवेची नळी होती, तिच्यात पेट्रोल असायलाच नको. तिच्या एका टोकाला रुपयाच्या नाण्याएवढा गोल डबीसारखा भाग होता. तो पेट्रोलचा दाब सांभाळतो, रेग्युलेटर म्हणतात त्याला. मेकॅनिकने नळी फडक्याने पुसली आणि बॅटरीच्या टॉर्चने आत पाहिलं. मग इंजिन जरा वेळ चालू करून पाहिलं. पुन्हा थेंब.

"हव मैडम," तो म्हणाला. "यही है. अंदर का पर्दा फट गया है. पेट्रोल सीधा इंजन पी रहा है."

सात-आठ महिने फाटलेल्या त्या पडद्यातून पेट्रोल हवेच्या नळीत आणि तिथून इंजिनात जात होतं. एक कन्व्हर्टर गेला, दुसरा गेला, चांगला पंप काढून फेकला, पेट्रोल पंपावरच्या भल्या माणसावर आरोप झाला. ही नळी हाताने ओढून पाहायची होती फक्त. टाय लावलेल्या माणसाने आठ महिन्यांत बॉनेट एकदाही स्वतः उघडलं नव्हतं.

नळीचं तोंड बंद करून आम्ही गेज दुसरीकडे जोडला. इंजिन संथ चालताना काटा ठीक होता. वेग वाढवून धरून ठेवला तसा तो हळूहळू खाली यायला लागला. धूर अडतो आहे. मग गाडी थंड होईपर्यंत आम्ही तिघांनी दुसरा चहा घेतला. मेकॅनिकने कन्व्हर्टर खोलला आणि एका बाजूने टॉर्च मारला. दुसऱ्या बाजूला उजेड आला नाही. जाळीचा मधला भाग वितळून कढईला लागलेल्या गुळासारखा झाला होता.

"पाहू," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डबा मांडीवर घेऊन हलवला. आत तुकडे खडखडले. "हे असं होतं तर त्या काचवाल्यानं काहून नाही हलवून पाहिलं?"

त्याला मी तेच विचारलं. मेकॅनिकने नवा रेग्युलेटर बसवून दिला होता; सोमवारी फाटका रेग्युलेटर आणि तो डबा सल्लागाराच्या टेबलावर ठेवले. "ऐसा रेयर केस होता है," तो म्हणाला, आणि या वेळी माझ्याशी बोलला, कारण नवरा आला नव्हता. 'कशाला वाद' असं म्हणून तो घरीच राहिला होता. मी तीन पानी पत्र लिहिलं, आकृतीसकट, आणि सल्लागाराच्या मॅनेजरला दिलं. दोन आठवडे त्यांनी मला रोज उद्या बोलावलं. मी रोज गेले. शेवटी त्यांनी नवीन कन्व्हर्टर आपल्याकडून बसवून दिला. माफी कोणी मागितली नाही, चहाचं यंत्र मात्र दाखवलं.

वितळलेल्या जाळीचा एक तुकडा मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात नेला. मुलांनी तो हातात घेऊन पाहिला. "मैम, ये एग्ज़ाम में आएगा?" एकाने विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने पेन खाली ठेवला.

दिवाळीनंतर घरी नवऱ्याच्या खात्यातले चार जण जेवायला आले. गाड्यांचा विषय निघाला. नवरा म्हणाला, "मी त्या मेकॅनिकला म्हटलं, कन्व्हर्टर सोड, आधी ती नळी काढ. काढली तर काय, पेट्रोल!"

पाहुण्यांनी वाहवा केली. मी पोळ्या वाढत होते. सासूबाई सोफ्यावर बसल्या होत्या.

"तू तर झोपून होता त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मी आणि सूनबाई गेलो होतो."

पाहुणे हसले आणि लगेच थांबले. नवऱ्याने भाजी मागितली. त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, पेपर बाजूला ठेवून, त्याने विचारलं की रेग्युलेटर म्हणजे नेमकं काय असतं. मी एका कागदावर आकृती काढली. पडदा कुठे, नळी कुठे, पेट्रोल कुठून कुठे जातं, सगळं सांगितलं. लग्नाच्या तेवीस वर्षांत त्याने माझं बोलणं पहिल्यांदाच मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकलं.

मग म्हणाला, "हो, हे मला माहीत होतं."