फवारणीचा बझर

“म्याडम, खालून पेटी आलीच न्हाई! बझर वाजला का न्हाई, तेवढं बघा!”

सुरेखा सिस्टर दारातूनच ओरडल्या आणि परत कॅज्युअल्टीत पळाल्या. मी परभणीतल्या त्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर रूममध्ये बसले होते. सकाळीच आमच्या कंपनीचं नवं अपडेट चढवलं होतं.

हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आजाराला एक कोड असतो आणि प्रत्येक कोडचा एक गट. ते बरोबर आहेत का, हे तपासणं माझं काम. या वेळी घाई म्हणून पुण्यातच टेस्टिंग उरकलं आणि मला नुसतं चढवायला पाठवलं. डॉक्टरांनी ‘विषबाधा’ गटातला आजार निवडला की खाली मेडिकलमध्ये बझर वाजतो, उताऱ्याच्या इंजेक्शनांची पेटी वर येते. ही सोय इतकी अंगवळणी पडली होती, की फोन करायची सवयच मोडली होती.

कॅज्युअल्टीत वालूरहून आणलेली बाई होती. कापसावर फवारणी करताना चक्कर येऊन पडलेली. तोंडाला फेस. या विषाला इंजेक्शन एकामागून एक द्यावं लागतं, आणि ट्रेमधलं संपलं होतं. तिचा नवरा दार धरून एकच विचारत होता, “साहेब, सुई कामून थांबली?”

डॉक्टरांनी आजार बरोबर निवडला होता. मी कोड उघडला. नव्या अपडेटमध्ये तो ‘रसायनाचा संपर्क’ या गटात जाऊन बसला होता. हाताला चुना लागून आग झाली, तर तीही त्याच गटात! तिथं कशाला वाजतोय बझर?

“सिस्टर, बझर बंद हाय! पळा खाली!” मी बोंबलले.

मग पुण्याला मॅनेजरना फोन लावला. “सर, अपडेट मागं घ्या. आत्ता.”

“अहो, टेस्टिंग सगळं ग्रीन आहे. नावं जुळली, कोड जुळले.”

“गट कोणी बघितले?”

“ते... क्लायंटची सही झालीय. उद्या मीटिंगमध्ये बघू.”

“उद्या? इथं घरोघर फवारणी चालूय, सर! अजून पेशंट येतील. तुम्ही मागं घेता, का मी इथलं सगळंच बंद करू?”

फोनमधून कीबोर्डचा आवाज यायला लागला. मी कॅज्युअल्टीत गेले, तेव्हा सिस्टर धापा टाकत पेटी फोडत होत्या.

बाई वाचली. घरी जाताना नवऱ्याने मलाही डॉक्टर समजून हात जोडले.

आता अपडेट कितीही घाईचं असो, आधी मी सॉफ्टवेअरमध्ये एक खोटी बाई भरते आणि तिला फवारणीची विषबाधा करते. मेडिकलवाले वैतागतात, “म्याडम, आजबी?” आजबी! बझर वाजला, तरच माझी सही.

सुरेखा सिस्टर मात्र बझर वाजला तरी खाली फोन करतातच.